अंतराळवीरांच्या व्यायामाला रबरी पट्टे का पुरत नाहीत?

सांगलीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गगनयानसारख्या मोहिमेसाठी हलकं, घडी होणारं व्यायामाचं उपकरण प्रोजेक्ट म्हणून करायचं त्याच्या मनात आहे. रबरी पट्टे वापरले तर सगळं दोन किलोच्या आत बसतं, मग अंतराळ स्थानकावर एवढी अवजड यंत्रं का ठेवतात, हा त्याचा प्रश्न. आणि जोडीला दुसरा: व्यायामाऐवजी एखादं वैद्यकीय उपकरण घेतलं तर बरं पडेल का?

मी १९ वर्षं व्यायामाच्या आणि पुनर्वसनाच्या उपकरणांच्या चाचणीचं काम करते आहे. त्यातली ११ वर्षं युरोपात, अंतराळवीरांच्या उपकरणांवर काम करणाऱ्या एका गटात गेली. उत्तर लांबणार आहे, कारण या प्रश्नाला दोन ओळींत 'नाही जमणार' म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

वजनच नसेल तर जोर कुठून आणायचा, असं आधी कुणालाही वाटतं. खरं सांगायचं तर जोर आणणं हा यातला सोपा भाग आहे. स्प्रिंग, रबर, मोटर, हवेचा दाब, कशानेही जोर मिळतो. अडतं ते दुसरीकडेच. व्यायामाच्या प्रत्येक यंत्राला दोन टोकं असतात. एक टोक माणसाला धरतं, दुसरं यानाला. पृथ्वीवर या दोन्ही टोकांकडे आपलं लक्षच जात नाही. तालमीत बैठका काढणारा पैलवान जमिनीला रेटतो आणि जमीन हलत नाही, हे झालं एक टोक. त्याच्या शरीराचं वजन मणक्यातून, खुब्यातून, गुडघ्यातून टाचेपर्यंत आपोआप योग्य वाटेने उतरतं, हे दुसरं. अंतराळात ही दोन्ही टोकं तुम्हाला स्वतः घडवावी लागतात. तुमचा दोन किलोचा पट्टा जोर देईल, पण ही टोकं तो सांभाळत नाही.

आता, यातलं बरंच काही मोहिमेच्या मुदतीवर अवलंबून आहे. गगनयानची आखणी तीन जणांसाठी, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, जास्तीत जास्त तीन दिवसांची आहे. तीन दिवसांत हाडांचं म्हणावं असं काही बिघडत नाही. तिथे त्रास होतो तो मळमळीचा, डोक्याकडे चढलेल्या रक्ताचा, पाठदुखीचा, आणि उतरल्यावर उभं राहताना येणाऱ्या चक्करीचा. महिने जाऊ लागले की चित्र पालटतं. व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने उतरते. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडाची साधारण वर्षभरात जेवढी झीज होते, तेवढी इथे महिन्यात. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून मुतखड्याचा धोकाही वाढतो. तेव्हा माझा पहिला सल्ला असा की प्रोजेक्टच्या नावातून गगनयान काढा आणि २०३५ पर्यंत उभारायच्या भारतीय अंतराळ स्थानकाचा विचार करा. तुमच्या उपकरणाची खरी गरज तिथे आहे.

रबराकडे वळू. ही कल्पना कुणाला सुचली नव्हती असं अजिबात नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमांतल्या अंतराळवीरांकडे ताणायची लवचिक दोरीच होती. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर तिसऱ्या तुकडीने ८४ दिवस काढले, तेव्हा त्यांना टेफ्लॉनचा लेप दिलेला एक गुळगुळीत पत्रा दिला होता. लवचिक दोऱ्यांनी स्वतःला त्यावर खाली ओढून घ्यायचं आणि मोज्यांवर घसरत चालायचं, धावायचं. डॉक्टर-अंतराळवीर विल्यम थॉर्नटन यांची ती कल्पना. साधीच, पण पायांना तिने खूप आधार दिला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुरुवातीच्या वर्षांत आयरेड नावाचं यंत्र होतं. त्याच्या डब्यांमध्ये रबरासारखेच लवचिक भाग होते आणि ते सुमारे १३६ किलोपर्यंत भार द्यायचं. अंतराळवीर ते इमानदारीने वापरायचे, तरीही हाडं झिजतच राहिली.

असं का झालं, ते तुम्ही घरीच पाहू शकता. सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या आणि प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला काटा तिला अडकवा. दर पाच सेंटीमीटरला आकडा लिहीत ट्यूब ताणा, मग त्याच खुणांवर थांबत सैल सोडा. दोन गोष्टी दिसतील. पहिली, सुरुवातीला भार जवळजवळ नसतो आणि शेवटी एकदम वाढतो. बैठकीत आपण खाली असतो तेव्हा खुब्यावर सर्वांत जास्त ताण यायला हवा, नेमका तिथेच पट्टा ढिला असतो. दुसरी, परत येताना त्याच खुणेवरचा आकडा कमी भरतो. रबर ऊर्जा गिळतं आणि तिची उष्णता होते. ओझं सावकाश खाली आणताना स्नायूंना जो ताण मिळतो तो ताकद टिकवण्यासाठी फार मोलाचा असतो, आणि रबर तोच कापून घेतं.

त्यात आणखी एक हिशोब विसरला जातो. ७० किलोचा माणूस खांद्यावर ५० किलो घेऊन बैठक मारतो, तेव्हा त्याचे पाय ५० नव्हे, १०० किलोच्या पुढे उचलत असतात, कारण त्याचं स्वतःचं धडही त्यात आलं. अंतराळात ते धड बिनवजनाचं. तेवढाच व्यायाम हवा तर यंत्राने ते १०० च्या पुढचं सगळं ओझं द्यायला हवं. योगासनांबद्दलही बरेच जण विचारतात. १९८४ मध्ये सल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर राकेश शर्मा यांनी योगाचा प्रयोग केला होता. श्वसन, लवचिकता, मनाची स्थिरता यासाठी योग मला स्वतःला मोलाचा वाटतो. पण वीरभद्रासनात मांडी थरथरते ती शरीराच्या वजनामुळे. वजन गेलं की आसन राहतं, हाडावरचा भार राहत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये आयरेडच्या जागी एरेड नावाचं नवं यंत्र पाठवलं गेलं. तुमचा गाईड तुम्हाला एकच यंत्र अभ्यासायला सांगणार असेल तर ते हे असू द्या. यात रबर नाही, वजनं नाहीत. दोन सिलिंडर आहेत, आत निर्वात पोकळी. बार उचलला की दट्ट्या ओढला जातो आणि केबिनमधली हवा त्याला परत ढकलते. थोडक्यात, अंतराळवीर केबिनमधली हवा उचलत असतो. हवेचा दाब बदलत नाही, म्हणून दट्ट्या किती ओढला यावर जोर ठरत नाही, तो जवळजवळ सारखा राहतो. गणित करून पाहा: १० सेंटीमीटर व्यासाचा दट्ट्या, क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटीमीटर, समुद्रसपाटीएवढा दाब. जोर भरतो जवळपास ८० किलोचा. पुढे तरफेची लांबी बदलून भार कमी-जास्त करायचा. खऱ्या बारबेलला जे जडत्व असतं ते आणण्यासाठी छोटी फ्लायव्हील, म्हणजे फिरती जड चाकं, जोडली आहेत. कमाल भार २७२ किलो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एरेडवर व्यायाम करणाऱ्या, पोटभर खाणाऱ्या आणि ड जीवनसत्त्व नीट घेणाऱ्या अंतराळवीरांची हाडांची घनता बहुतांशी टिकली. अभ्यासातली माणसं मोजकीच होती, पण आमच्या क्षेत्रात त्या निकालाने सगळ्यांना उभारी दिली. त्यात आहाराचा वाटा आहे हे मात्र सोडून देऊ नका. उपाशी माणसाची हाडं कुठलंही यंत्र वाचवत नाही.

इथे एक मेख आहे. चंद्राच्या मोहिमांसाठी केबिनचा दाब कमी ठेवायचा विचार आहे, ५६ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे तेच सिलिंडर तिथे नेले तर भार निम्म्याच्या जरासाच वर उरेल. एका यानात उत्तम चालणारं यंत्र दुसऱ्यात दुबळं ठरतं ते असं. म्हणून यान कुठलं, हे विचारल्याशिवाय मी कुठल्याही रचनेला बरी-वाईट म्हणत नाही.

आता यानाकडचं टोक. स्थानकावर स्फटिक वाढवणारे, द्रवांचा अभ्यास करणारे प्रयोग चालू असतात. त्यांना शांतता लागते. शिवाय लांबच लांब सौर पंख हे एका तालात हलवले तर झोके घेऊ लागतात. धावणं आणि बैठका म्हणजे ठरावीक तालात दिलेले धक्केच. म्हणून एरेड स्थानकाला घट्ट बोल्टने आवळलेलं नाही. ते स्प्रिंग आणि डॅम्परवर (हेलकावे शमवणाऱ्या भागांवर) तरंगतं, आणि माणूस वर-खाली होतो तसं यंत्र उलट दिशेला सरकतं. ट्रेडमिल आणि सायकललाही अशीच कंपनरोधक व्यवस्था आहे. तुम्ही 'अवजड' म्हणता त्यातला मोठा हिस्सा हा असतो. व्यायाम देणारा भाग लहानच असतो, धक्का गिळणारा मोठा.

आणि माणसाकडचं टोक, ज्यावर माझी सर्वांत जास्त वर्षं गेली. ट्रेडमिलवर माणसाला खाली ओढायला खांद्यावर आणि कमरेला हार्नेस लागतो. शरीराच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के ओढ दोन खांद्यांवर आणि कमरेच्या दोन हाडांवर घ्यायची म्हणजे काय, ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या चाचणीत चाळीस मिनिटांनंतर माणसांच्या कमरेवर बोटभर रुंदीचे लाल वळ उठायचे. दुसऱ्या दिवशी तीच माणसं ओढ कमी ठेवा म्हणायची, आणि ओढ कमी झाली की व्यायामाचा उपयोगही कमी. मोटर बदलून जे जमलं नसतं ते आम्हाला कमरपट्ट्याखालचा फोम बदलून आणि बकल दीड इंच मागे सरकवून जमलं. २००७ च्या एप्रिलमध्ये सुनीता विल्यम्स स्थानकाच्या ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर धावल्या. लोकांना त्यातली जिद्द दिसते, आणि ती आहेच. मला त्या बातमीत तो हार्नेसही दिसतो.

लपलेल्या गुरुत्वाकर्षणाचा एक अनुभव सांगते, कारण तुमच्याही हातून हे घडू शकतं. आमच्या एका नमुन्यात भार निवडायला पिन होती, जिममधल्या यंत्रावर असते तशी. वरून सोडली की भोकात बसायची. प्रयोगशाळेत शेकडो वेळा बसली. मग आम्ही पॅराबोलिक उड्डाणात गेलो. या उड्डाणात विमान ३१ वेळा कमानीसारखी झेप घेतं आणि दर झेपेला साधारण २२ सेकंद वजनरहित अवस्था मिळते. पहिल्याच झेपेत मी पिन सोडली आणि ती भोकाच्या तोंडाशी तरंगत राहिली. पिन स्वतःच्या वजनाने खाली बसते, हे आम्ही कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून कुणी तपासलंही नव्हतं. उपाय म्हणजे एक छोटी स्प्रिंग. पण ते उड्डाण वाया गेलं, आणि त्या रात्री मी सगळी ड्रॉइंग घेऊन बसले आणि 'आपोआप खाली पडतं' असं जिथे जिथे गृहीत धरलं होतं तिथे लाल खूण केली. सात खुणा निघाल्या. तुमच्या ड्रॉइंगवर हे आजच करा.

घाम टपकत नाही, अंगावर थरासारखा चिकटून वाढत जातो, म्हणून टॉवेल आणि पंखा उपकरणाचाच भाग धरा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडापुढे साचू नये म्हणूनही पंखा हवाच. स्थानकावर व्यायामासाठी रोज अडीच तास राखलेले असतात, पण त्यात कपडे बदलणं, यंत्र लावणं, पुसणं सगळं आलं. घडी उलगडायला दहा मिनिटं लागत असतील तर तुमचं उपकरण त्यातली दहा मिनिटं खातं. दुरुस्ती अंतराळवीरानेच करायची असते, म्हणून जेवढे कमी प्रकारचे स्क्रू तेवढं चांगलं.

मग लहान जागेसाठी काय? नासाच्या चंद्रमोहिमांसाठीच्या ओरायन यानाचं उदाहरण घ्या. राहायची जागा साधारण ९ घनमीटर, माणसं चार. तिथे एरेड ठेवायचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी फ्लायव्हीलवर चालणारं यंत्र केलं गेलं, वजन सुमारे १४ किलो, आकार हातात धरून न्यायच्या बॅगेएवढा, आणि भार १८० किलोपर्यंत. मूळ तत्त्व स्वीडनमधल्या संशोधकांनी विकसित केलेलं. दोरी ओढली की चाक फिरतं, दोरी संपली की चाक स्वतःच्या वेगाने ती परत गुंडाळतं आणि तुम्हाला खाली ओढतं. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढाच परत येतो, म्हणजे ओझं खाली आणतानाचा ताणही मिळतो. गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही, वीज लागत नाही.

तुमच्या जागी मी असते तर हेच निवडलं असतं. ३० सेंटीमीटर व्यासाची, १ सेंटीमीटर जाडीची पोलादी चकती कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवर करून मिळेल. वजन साधारण साडेपाच किलो, मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) ०.०६ किलोग्रॅम-मीटर वर्गाच्या जवळपास. व्यायामाला ती पुरेशी आहे. चाकावर पक्कं जाळीचं आवरण लावल्याशिवाय एकदाही ओढू नका, आणि दोरीऐवजी शिवलेला नायलॉनचा पट्टा वापरा. पट्टा तुटला तर तो चेहऱ्याकडे येतो. माणसांवर चाचणी करण्याआधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला सोबत घ्या आणि कॉलेजच्या नैतिक समितीची लेखी परवानगी काढा.

वैद्यकीय उपकरणाबद्दल. तो मार्गही चांगला आहे, फक्त तिथे एकेक अडचण वेगळ्या जातीची असते. छाती दाबून हृदय चालू करायचं तर दाबणारा स्वतःच मागे फेकला जातो. म्हणून रुग्णाला एका फळीवर बांधतात, आणि मदत करणारा पाय छताला टेकवून, जणू उलटा उभा राहून, हातांनी छाती दाबतो. ती फळी रुग्णाला विजेपासून अलगही ठेवते, नाहीतर शॉक देताना यानाच्या धातूतून तो इतरांपर्यंत पोचेल. सलाईनचंही तसंच. ठिबकणाऱ्या थेंबाची ती पारदर्शक कुपी तिथे निकामी, कारण थेंब पडत नाही आणि हवेचे बुडबुडे वर जात नाहीत, द्रवातच मिसळून राहतात. २०१० मध्ये स्थानकावर पिण्याच्या पाण्यापासून सलाईन तयार करण्याचा प्रयोग झाला, तेव्हाही बुडबुडे वेगळे काढणं हा त्यातला मोठा भाग होता.

२०२० च्या जानेवारीत एका वैद्यकीय नियतकालिकात आलेली घटना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता. रक्तप्रवाहाच्या संशोधनासाठी अल्ट्रासाऊंड चालू होता, त्यात ती दिसली. रक्त पातळ करणारं इंजेक्शन औषधपेटीत होतं, पण सिरिंज मोजक्या. औषध जपून वापरत पुढच्या मालवाहू यानाने गोळ्या येईपर्यंत दिवस काढले गेले. बाटलीतून सिरिंजमध्ये द्रव ओढणं हेसुद्धा तिथे कसबाचं काम, कारण द्रव काचेला चिकटून पसरतो. वैद्यकीय उपकरण घेणार असाल तर या घटनेतून विषय निवडा: बुडबुडा अडवणारी पडदा-गाळणी, किंवा वजनरहित अवस्थेतही एका हाताने भरता येईल अशी सिरिंज. दोन्ही उलटी धरून, आडवी धरून कॉलेजच्या टेबलावर तपासता येतात. तिसरा पर्याय म्हणजे वस्तुमान मोजायची खुर्ची. स्कायलॅबवर स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीत माणूस झुलवून झोक्याच्या कालावधीवरून त्याचं वस्तुमान काढत. सोपं वाटतं, पण माणसाचं शरीर दगड नसतं. पोट हलतं, श्वास हलतो, आणि आकडा चुकतो.

व्यायामाच्या यंत्राकडे वळलात तर चाचणीची सोपी पद्धत सांगते. आमच्याकडे जर्मनीत माणसांना डोक्याकडे सहा अंश उतार दिलेल्या पलंगावर साठ-साठ दिवस झोपवून अभ्यास होतात. तुम्हाला ते नको. गुळगुळीत फरशीवर चाकं लावलेली फळी घ्या. माणूस तिच्यावर पाठीवर झोपेल, पाय भिंतीला, टाचांखाली दुसरी छोटी चाकाची फळी. आता डोक्यापासून पायापर्यंतच्या दिशेत त्याला वजन नाही. खांद्यापासून पायापर्यंत तुमचं यंत्र लावा आणि आडवीच बैठक मारायला सांगा. आधी सायकलच्या ट्यूबवर, मग फ्लायव्हीलवर, दोन्हीचे आकडे एकाच आलेखावर काढा.

हे जमलं की भिंत काढून टाका. पायाखाली ३० किलोची चौकट ठेवा, तीही चाकांवर, आणि तीच बैठक पुन्हा मारायला सांगा. फरशीवर खडूने दोन्हीच्या जागा आखून ठेवा. ७० किलोच्या माणसाने पाय ४० सेंटीमीटर लांबवले, तर चाकांचं घर्षण सोडून तो स्वतः १२ सेंटीमीटर सरकेल आणि चौकट उलट बाजूला २८. ते २८ सेंटीमीटर कुणाला धक्का न देता कुठे जिरवायचे, हे तुमच्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाचं काम आहे. खडूच्या रेघांचा फोटो आणि दोन्ही आलेख पाठवा, मग पुढचं बोलू.